माळावरची मढ्यांची वाट

गुरुवार, १२ ऑक्टोबर १९०५

हेस्टर म्हणते, आधी नाव घालायचं असतं. घाल तर. थर्झा लिडर्ड, गाव ओव्हरकोंब, मेंढपाळ आयझॅक लिडर्डची बायको, वय विचारू नये. अक्षरओळख नाही. बोलणं माझं, हात नातीचा. मधे स्वतःचं शहाणपण घुसवायचं नाही असं तिनं कबूल केलंय. नाक मुरडतेय. तेही लिही.

ही वही म्हाताऱ्यासाठी. सफरचंदं उतरवायच्या दिवसांत आयझॅकचे पाय गेले. आता तो खिडकीशी बसतो आणि खिडकीतून दिसतं काय, तर शेजारच्या टपरबाईचं खुराडं. जन्मभर माळ बघितलेल्या माणसानं कोंबड्या किती बघाव्या? काल म्हणाला, "थर्झे, तू वर जा, बघ, आणि मला येऊन सांग." मी सांगते, पण निम्मं विसरते आणि विसरलेल्याच्या जागी पदरचं घालते. म्हणून आल्या आल्या लिहून ठेवायचं असा हुकूम.

तर आज मढ्यांच्या वाटेनं वर गेले. आमच्या गावाला चर्च नाही, कबरस्तान नाही. माणूस मेला की त्याला खांद्यावर घेऊन माळ ओलांडायचा आणि पलीकडे नदीकाठी नेदरबर्नला नेऊन ठेवायचं. आमची रोडा, हेस्टरची आई, तिथंच आहे. तिच्या शेजारची जागा म्हाताऱ्यानं धरून ठेवलीय. मी म्हटलं, माझं काय? म्हणाला, तू उशिरा येणार, उभी राहा.

बीचची झाडं तांब्याच्या भांड्यासारखी झालीत. वाट पावसानं धुऊन पांढरीफेक, कारण माळाची जमीनच खडूची, आणि ओला खडू म्हणजे साबण. माथ्यावरच्या सपाट दगडावर, जिथं खांदेकरी पेटी टेकवून बिअर पितात, तिथं मीही टेकले. बिअर नव्हती. खाली एका अंगाला आपली धुराडी, दुसऱ्या अंगाला नदी, रानभर पसरलेली ओली सतरंजी जशी. वाटेच्या कडेनं आयझॅकनं मांडलेली खडूची ढेकळं अजून जागच्या जागी आहेत. धुक्यात वाट चुकू नये म्हणून तो दर वसंतात ती उलटी करायचा, शेवाळलेली बाजू खाली, पांढरी वर.

"दवाचं तळं भरलंय?" त्यानं विचारलं.

"भरलंय."

"किती?"

"मेंढी बुडेल. तू नाही बुडणार."

खूश झाला.

सोमवार, ३० ऑक्टोबर

वाटेवर फाटक बसलंय. जुने मालक गेल्यावर माळ ज्या लॅथमसाहेबानं घेतला, त्यानं रानात शिकारीचे पक्षी सोडलेत. ते आमच्या पायांना घाबरतात म्हणे. फाटकाला साखळी, साखळीला कुलूप, वर पाटी. पाटी मला वाचता येत नाही, म्हणून मी सरळ वर चढले. अडाणी असण्याचे फायदे असतात.

एक पाय पलीकडे टाकलाय तोवर नेड स्टर्ट आला, दोन कुत्री घेऊन. हाच नेड, मिसरूड फुटायच्या आत आयझॅकच्या हाताखाली विताना अडलेल्या मेंढ्या सोडवायला शिकला. आता साहेबाचा रानराखा आहे.

"थर्झाबाई, पाटी वाचली नाहीत का?"

"मला वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे. तूच वाच."

त्यानं मान खाली घालून वाचली. खाजगी, वाट बंद.

"आता कळलं ना?"

"हल्ली ऐकूही कमी येतं, बाळा."

पण मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही गेलात तर माझं घर जाईल, आणि तुमचंही. दोन्ही त्याचीच आहेत." मी पाय परत घेतला. या वयात पाय परत घेणं टाकण्यापेक्षा अवघड.

म्हाताऱ्याला काही बोलले नाही. खालच्या रस्त्यानं थोडी हिंडून आले आणि माथ्यावरचं सगळं मनानं रचून सांगितलं. दोन ससे, एक बहिरी ससाणा, तळ्यावर वारा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "ससाणा छान होता, थर्झे. पण तुझे बूट तांबडे आहेत. माळावरून आली असतीस तर पांढरे असते."

मग सगळं सांगितलं. तो खुराड्याकडे बघत बसला. असा खचलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता, नि तो माझाच.

शनिवार, ११ नोव्हेंबर

जेसी पिलबीमच्या सुतारखान्यात गाव जमलं होतं. पिलबीम गावपंचायतीत आहे. दारं करतो, चाकं करतो, पेट्याही तोच करतो.

आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं की ज्या वाटेनं मढं गेलं, ती वाट जगाच्या अंतापर्यंत सगळ्यांची. कुणी सांगितलं असं विचारू नका. दूध उतू जातं हे कुणी सांगावं लागतं का?

नेदरबर्नहून नवे पाद्री आले होते, मिस्टर एल्विन. कोवळं पोर आहे, कान मोठे. म्हणाले, "मंडळी, मढ्यानं वाट होत नाही. जिवंत माणसांच्या चालण्यानं होते. पिढ्यान्‌पिढ्या तुम्ही चालत आलात, म्हणजे वाट तुमचीच आहे. रोज चाला. फाटकावरून चढा. सगळ्यांनी मिळून चढा. थांबलात तर मात्र संपलं."

"पाद्रीबाबांना राहायला घर चर्चचं आहे," पिलबीम म्हणाला, "आम्हाला लॅथमचं आहे. आज चढलो की उद्या चूल रस्त्यावर. मढ्याला कोण घराबाहेर काढणार?"

सगळे हसले. टपरबाई म्हणाली, "पण आजवर इतकी मढी गेलीच की तिथून!"

"ती जुन्या मालकाच्या राज्यात. साहेबाचा वकील म्हणतो, ती मेहेरबानी होती. फाटक नवं, तर मढंही नवं पाहिजे."

मग एकेक डोकं माझ्याकडे वळलं. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? माझं अजून लोणचं घालायचं राहिलंय."

पण ते माझ्याकडे बघत नव्हते, हे मला घरी येताना उमजलं. माझ्या घराकडे बघत होते.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

हे पान म्हाताऱ्याला वाचून दाखवायचं नाही.

गावाला आमचा भारी पुळका आलाय. सोमवारी सूप, बुधवारी अंडी, शुक्रवारी कुणाचा तरी अर्धा ससा. ज्या टपरबाईनं गेली कैक वर्षं मला पिसंही दिली नाहीत, ती कोंबडी कापून घेऊन आली. दारात उभी राहते, मान तिरकी करून विचारते, "आज कसा आहे गं?" मी म्हणते, बरा आहे. "अगो बाई, छान झालं," म्हणते, आणि तोंड असं उतरतं जणू पैज हरली. परवा मी मुद्दाम म्हटलं, रात्रभर खोकला. तिनं मला मिठी मारली.

पिलबीम न बोलावता दाराची बिजागरी बसवायला आला. हात बिजागरीवर, डोळे पलंगावर, डोक्यापासून पायापर्यंत. आयझॅक म्हणाला, "जेसी, खांद्यात थोडा ढिला ठेव. मला घट्ट सोसत नाही." पिलबीमचा हातोडा बोटावर बसला.

तो गेल्यावर म्हातारा इतका हसला की खोकला लागला. "माणूस टेकला की अंडी येतात हे आधी कळतं, थर्झे, तर लग्नाआधीच टेकलो असतो."

मी हसले. मग मागच्या अंगणात जाऊन सरपण रचलं. ते आधीच रचलेलं होतं.

रविवारी रोडाकडे खालच्या रस्त्यानं गेले. माळाला वळसा घालून, दोन गावं ओलांडून, नदीच्या कडेकडेनं. गारगोटीच्या भिंती, ओल्या गवताची छपरं, पाण्यात वाढणारी भाजी खुडणाऱ्या बायका, हात लालेलाल. नदी इतकी नितळ की तळाचा खडू मोजून घ्यावा. माहेर माझं नदीकाठचं, लहानपणी हे सगळं माझं होतं. पोचले तेव्हा दिवस कलला होता आणि परतायला टपाल्याच्या गाडीत हात जोडून बसावं लागलं. गुडघे आजही माझ्याशी बोलत नाहीत. पुन्हा त्या रस्त्यानं जाणं मला होणार नाही. हेस्टर म्हणते, असं लिहायला नको. तू लिही.

गुरुवार, १४ डिसेंबर

ओढा आला. आमचा ओढा उन्हाळाभर कोरडा. खडूच्या पोटात पाणी भरलं की हिवाळ्यात आपसूक वर येतो. यंदा फार लवकर आला. लवकर आलेलं पाणी घरातलं एक माणूस घेऊन जातं म्हणतात. टपरबाई काठावर उभी राहून त्याच्याकडे बघत होती, लेकीचं वऱ्हाड यावं तशी.

आयझॅकच्या पोटात आता फक्त दूध ठरतं.

नेड स्टर्ट मागच्या दारानं आला. टोपी हातात, कुत्री बाहेर. बराच वेळ आयझॅकच्या पायाशी बसला. मग म्हणाला, "काका, साहेबाचा हुकूम आहे. गावानं मढं आणलं तर अडवायचं नाही, पण एक टाचणी मागायची. टाचणी दिली की झाली परवानगी मागितल्यासारखी, मग ते मढं वाटेच्या हक्कात मोजत नाहीत."

हेही जगजाहीर आहे. आमच्या सासऱ्यांच्या काळात पलीकडच्या खोऱ्यात अशीच एक वाट एका टाचणीपायी गेली.

"आणि नाही दिली तर?" आयझॅकनं विचारलं.

"तर उघडायचं नाही."

"मग तू काय करशील, नेड?"

आयझॅकनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मेंढीच्या डोक्यावर ठेवायचा तसा, आणि झोपी गेला.

मी हे पिलबीमला सांगितलं. त्यानं तिथल्या तिथं ठरवलं की त्या दिवशी गावातल्या एकाही माणसाच्या अंगावर टाचणी नसेल. बायकांनी शालींना गाठी मारायच्या. त्या दिवशी! तारीख तेवढी विचारायची बाकी ठेवली होती.

सोमवार, २५ डिसेंबर, नाताळ

पुडिंग त्यानं जिभेला लावलं नुसतं. सणाचा दिवस असूनही सुतारखान्यातून करवतीचा आवाज येत होता. एल्मचं लाकूड आहे, त्याचा आवाज ओला येतो. म्हातारा म्हणाला, "जेसीला म्हणावं, घाई नको. मेंढ्या विऊ देत."

मेंढ्या व्यायला अजून किती अवकाश आहे, ते दोघांनाही ठाऊक होतं.

शनिवार, २० जानेवारी १९०६

गेला. पहाटे, मी दूध तापवत होते तेव्हा.

मुठीत लोकरीचा पुंजका दिला. मेंढपाळाला देतातच. वर विचारलं, रविवारी चर्चमध्ये का दिसला नाहीस, तर मूठ उघडायची. मेंढ्यांना रविवार नसतो.

गाव आलं. रडलं, चांगलं रडलं, खोटं नव्हतं. पण डोळे पुसून झाले की त्यांत जत्रा दिसत होती.

हेस्टर, पुरे आता.

बुधवार, २४ जानेवारी

सकाळपासून बर्फाचा चिखल पडत होता. सहा खांदेकरी, मागं सगळं गाव. बायकांच्या शालींना मोठमोठ्या गाठी, पिलबीमनं एकेकीला दारातच तपासलेलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. माझी बोटं वाकडी झालीत, गाठ मला मारता येत नाही. हेस्टर रोज टोचते तशी तिनं शाल टोचली आणि आम्ही निघालो. आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही.

फाटकाशी नेड उभा. टोपी काढलेली, केसांतून पाणी गळतंय.

"एक टाचणी द्या," तो म्हणाला. "कुणीही द्या. माझ्यासाठी द्या."

"टाचण्या संपल्या गावातल्या," पिलबीम म्हणाला. "उघड."

"जेसीकाका, मला उघडता येत नाही."

"मग आम्ही इथंच उभे राहतो."

आणि राहिले. कुलूप फोडायची भाषा झाली, पण हात कुणी लावला नाही. प्रत्येकाच्या डोक्यावरचं छप्पर लॅथमचंच. खांदे भरून आले तेव्हा पेटी खाली ठेवली. दगडावर नाही, दगड माथ्यावर, फाटकापलीकडे. वाटेतच ठेवली. वरून खडूचं पाणी दुधासारखं वाहत येत होतं, ते पेटीच्या चारी बाजूंनी साचायला लागलं. तिकडं नेदरबर्नला पाद्री उघड्या खड्ड्याशी थांबलेले. जानेवारीचा दिवस, केवढासा असतो?

ते भांडत राहिले. वकील, मेहेरबानी, आजोबा, पणजोबा, नेडच्या आईबापाचा उद्धार. टपरबाई म्हणाली, "थर्झाला तरी आडोशाला न्या." आडोसा नव्हताच.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "आज परत नेऊ. उद्या येऊ, परवा येऊ. बघू कोण दमतं."

आणि पिलबीम म्हणाला, "चालेल. थंडी आहे. टिकेल तो."

मी आयझॅकबरोबर एवढा संसार केला. त्याला कुणी मांसाच्या हिशेबात धरलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. बरं, पिलबीम वाईट माणूस नाही. खांद्यात त्यानं पेटी खरंच ढिली ठेवली होती.

मी शालीतली टाचणी काढली. बोटांनी निघेना, दातांनी काढली. शाल वाऱ्यानं उडाली ती हेस्टरनं धरली. नेडच्या हातात टाचणी ठेवली.

गाव ओरडलं असतं तर बरं झालं असतं. नेडनं ती फाटकाच्या खांबात टोचली आणि कुलूप काढलं. पिलबीमनं खांद्यावरची घडी केलेली गोणी उतरवली, खाली टाकली आणि तो डोंगर उतरायला लागला. त्याच्यामागं दुसरा. मग बायका. चौघं उरले, त्यांना पेटी पेलेना, तेव्हा नेड आत शिरला आणि एका बाजूला हेस्टरनं खांदा दिला. माथ्यावरच्या दगडावर टेकवलं तेव्हा बिअर कुणाकडेच नव्हती. ती पिलबीमकडे होती.

पोचलो उजेड होता तेवढ्यात. रोडाच्या शेजारी ठेवला.

रविवार, ११ फेब्रुवारी

गाव बोलत नाही. शिव्या नाहीत, काही नाही. मी दिसले की सगळ्यांना ओढ्यात काहीतरी दिसतं. अंडी बंद. एवढं बरं, त्या बाईच्या अंड्यांना मासळीचा वास यायचा.

मिस्टर एल्विन आले. खडूनं माखलेले बूट, म्हणजे माळावरूनच आले. चुलीशी बसून म्हणाले, "आजी, मढ्यानं वाट होत नाही तशी टाचणीनं जातही नाही. दोन्ही गोष्टी नुसत्या ऐकीव आहेत. उद्या माझ्याबरोबर चला. मी पुढं, तुम्ही मागं. दोन माणसं चालली की तिसरं येतं."

"बाबा, मी टाचणी दिलीय."

"त्या टाचणीला काही अर्थ नाही!"

"त्या टाचणीवर माझा नवरा पलीकडे गेला," मी म्हटलं. "दिलेली वस्तू परत मागायची रीत तुमच्याकडे असेल."

ते डोकं धरून बसले. म्हणाले, आता गावातलं कुणीच तिकडं फिरकत नाही, फाटकापर्यंतसुद्धा नाही, आणि असंच चाललं तर वाट खरोखर जाईल. मी म्हटलं, गेलीच आहे. त्यांना चहा दिला. चांगलं पोर आहे, शिकलेलं आहे, पण कायदा त्याला कळत नाही.

रविवार, १५ एप्रिल, ईस्टर

हेस्टर उद्या जाते. बंदराच्या गावात एका डॉक्टराच्या घरी काम मिळालंय. बरं झालं, या गावात माझ्या नातीला आता कोण विचारणार? म्हणजे ही वही इथं संपली. तशीही ज्याला वाचून दाखवायची तो ऐकत नाही. रडू नकोस, शाई फुटते.

आज शेवटचं म्हणून फाटकापर्यंत गेले. एवढं जमतं. कबरीवर फुलं घालायचा दिवस, पण खालच्या रस्त्यानं मला होत नाही आणि वरचा मी स्वतःच बंद केलाय. पिवळी रानफुलं खुडली होती, ती फाटकाच्या पायाशी ठेवली. वाऱ्याला म्हटलं, तू ने.

म्हाताऱ्याची खडूची ढेकळं हिरवी पडलीत. अलीकडची मी बसून बसून उलटी केली, पांढरी बाजू वर. पलीकडची तशीच. त्यांच्यामधून गवत आलंय, लुसलुशीत, मेंढीनं बघून वेडं व्हावं असं. एक हिवाळा पाय पडले नाहीत, तर वाट अशी पुसते, जशी काही कधी नव्हतीच. टाचणी खांबात आहे अजून. गंजलीय.

नेड तिथंच होता, थोडा वर, रानाच्या कडेला. त्यानं मला पाहिलं, चांगलं पाहिलं, आणि पाठ फिरवून उभा राहिला. मी तिथं होते तोवर एकदाही वळला नाही. ज्यानं माझ्या माणसाला खांदा दिला, त्यानंही आता तोंड फिरवावं. राग नाही. गावात राहायचं त्याला.

आणि धांदरट तो धांदरटच. फाटकाला कुलूप लावायला विसरला होता. साखळी उघड्या कुलुपासकट नुसती लोंबत होती, वाऱ्यानं फाटक चांगलं हातभर उघडलेलं. साहेबानं पाहिलं असतं तर बिचाऱ्याचं घर गेलं असतं. मी ते ओढून घेतलं, साखळी अडकवली आणि कुलूप दाबून बंद केलं. बोटांनी होईना, दोन्ही तळव्यांनी दाबलं.

हेस्टर, थांबलीस का? लिही. बसलं ते नीट. मी ओढून पाहिलं.